चार अंशांची दुरुस्ती

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या कारकिर्दीबद्दल लिहा’ असा निरोप आला, तेव्हा घरात आणखी कुणी तो ऐकला नाही ना, हे मी आधी पाहून घेतलं. कारकीर्द राजांची असते, नाहीतर मंत्र्यांची. मी दिवसाला चार तास काम केलं, आणि तेही दमा परवानगी देईल त्या दिवशी. संपादकांना तसं कळवलं, तर ते म्हणाले, मग त्या चार तासांचंच लिहा.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मध्येच कुणाला हळहळायला नको. चौथ्या वर्षी तापात माझा डावा पाय गेला. गेला म्हणजे जागेवर आहे, पण कामाचा राहिला नाही. त्याला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे लागतात. बाराव्या वर्षी दमा आला, तो मात्र कुठे गेला नाही. बंगळूरची हवा चांगली म्हणून लांबलांबून लोक इथे राहायला येतात. ती माझ्यापेक्षा माझ्या दम्याला जास्त मानवली.

आमचं घराणं इथलंच. तीनेकशे वर्षांपूर्वी कुणी एक पूर्वज फौजेबरोबर आला आणि परत जायचं विसरला, एवढंच आम्हाला ठाऊक आहे. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून मी मल्लेश्वरमला अण्णा आणि वैनींजवळ राहत होते. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, सरकारी कचेरीत कारकून. दोघं मला कधी वाकडं बोलली नाहीत. पण ज्या घरात आपण काही आणत नाही, तिथे दुसऱ्यांदा भाजी मागताना हात मागेच राहतो. मला काम हवं होतं आणि ते माझ्या अंगाला झेपेल असं हवं होतं. या दोन अटी एकत्र केल्या की एवढं मोठं बंगळूर एकदम लहान होऊन जाई.

शाळेत शिकवून पाहिलं. उभं राहणं एकवेळ जमवलं असतं, पण खडूच्या भुकटीने तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. शिवणयंत्र पायाने चालवायचं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. टायपिंग शिकले, बोटं चांगली चालत, पण कचेऱ्यांना माणूस दहा ते पाच आणि रोज हवा असे. मी महिन्यातले सात-आठ दिवस उशांना टेकून बसलेली. मग घरी शिकवण्या घेतल्या, तर मुलांच्या आयांनी माझा खोकला ऐकला. त्या काळात खोकला म्हणजे क्षय. दमा लागट नसतो असं मी सांगायची, त्या मान डोलवायच्या, आणि पुढच्या सोमवारी मूल यायचं बंद व्हायचं. एका घरी मला कॉफी वेगळ्या पेल्यात दिली आणि मी उठायच्या आत तो पेला अंगणात नेऊन ठेवलेला मी पाहिला. तेव्हा राग आला होता. अजूनही येतो.

काम मिळालं ते रांगोळीमुळे. मला खाली बसता येत नसे, म्हणून दारात रांगोळी घालणं कधी जमलं नाही. मी ती टेबलावर, कागदावर काढत असे, ठिपके मोजून, अण्णांच्या टाकाने. गल्लीतल्या बायका ते कागद नमुन्याला नेत. त्यातला एक कागद दोन गल्ल्या पलीकडे मूर्तींच्या घरी गेला. मूर्ती यशवंतपूरच्या एका पंपांच्या कारखान्यात मुख्य ड्राफ्ट्समन होते, म्हणजे नकाशांच्या खात्याचे प्रमुख. एका रविवारी सकाळी ते तो कागद हातात घेऊन आमच्या ओसरीवर उभे राहिले आणि अण्णांना म्हणाले, “यारु बरेदद्दु?” कोणी काढलं हे?

अण्णांना वाटलं काही तक्रार आहे. ते म्हणाले, “आमच्या इंदूनं. पण तिला बरं नसतं बघा.” मूर्तींनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. खिशातून एक लेखणी काढली. तिला टोकाशी पोलादाची दोन पाती होती आणि एक बारीक स्क्रू. स्क्रू फिरवला की रेघ जाड किंवा बारीक व्हायची. मला म्हणाले, वीतभर रेघ ओढ, श्वास रोखून. मी श्वास रोखला आणि खोकला आला. मग दुसऱ्या वेळी मी श्वास रोखला नाही, सोडत सोडत रेघ ओढली. दमेकऱ्याला आत घेतलेला श्वास बाहेर टाकायला फार वेळ लागतो, हे ज्याला दमा नाही त्याला माहीत नसतं. रेघ सरळ आली. मूर्तींनी भिंग लावून तिची दोन्ही टोकं पाहिली.

“सरी,” ते म्हणाले, “नोडोणा.” बरं, बघू या. मूर्तींच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी पुढे बारा वर्षांत ऐकली नाही.

ठरलं ते असं. मी दहाला यायचं, दोनला जायचं. हजेरीपटात नाव नाही, पूर्ण केलेल्या कागदांवर मोबदला. ज्या दिवशी छाती भरेल त्या दिवशी यायचं नाही, निरोपही पाठवायचा नाही. अट एकच होती, ती त्यांनी जाता जाता सांगितली: हातात घेतलेला कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. दोघांच्या हातांची रेघ एका कागदावर त्यांना चालत नसे.

बसची पायरी माझ्या पट्ट्यांना फार उंच होती. रोज एक ठरलेला जटका येई, म्हणजे आपला टांगा. मी मागच्या बाजूने चढून उलट तोंडाने बसत असे, पाय बाहेर काढून. त्यामुळे मल्लेश्वरम ते यशवंतपूर हा रस्ता मला अजून उलटाच आठवतो. समोर येणारं काहीच नाही, सगळं मागे पडत जाणारं.

आता हे काम काय होतं ते सांगते, कारण ते आता कुणी करत नाही. इंजिनियर पंपाचा भाग पेन्सिलीने कागदावर काढतो. तो कागद एकच असतो आणि पेन्सिल पुसते. म्हणून त्याच्यावर ट्रेसिंगचं कापड पसरायचं, तलम, खळ दिलेलं, काचेसारखं आरपार दिसणारं, आणि खालची प्रत्येक रेघ वर काळ्या शाईने उतरवायची. या कापडावरून मग कारखान्याला हव्या तेवढ्या प्रती छापून निघत. शाई धरावी म्हणून कापडावर आधी पांढरी भुकटी चोळायची. खडू शाळेतून माझ्यामागे इथेही आला होता, पण इथे मी नाकाला रुमाल बांधू शकत होते आणि कुणी हसत नव्हतं. वर्तुळं आधी, सरळ रेघा नंतर. कारण वर्तुळाला रेघ जुळवता येते, रेघेला वर्तुळ जुळत नाही. चुकलं तर ब्लेडने शाई खरवडायची आणि ती जागा नखाने घोटून गुळगुळीत करायची. वरून काही दिसत नाही. उजेडासमोर धरलं तर दिसतं.

त्या कापडाचा शत्रू पाणी. घामाचा एक थेंब पडला की तिथली खळ विरघळते आणि पांढरा डाग राहतो, म्हणून मनगटाखाली रुमाल असे. खोकला आला की मी मान पूर्ण डावीकडे वळवत असे. ती सवय इतकी लागली की देवळात खोकला आला तरी मी डावीकडे वळते आणि तिथे उभं असलेलं माणूस चमकतं. साफ बिघडलेलं कापड आम्ही फेकत नसू. गरम पाण्यात भिजवून खळ काढली की आतून मलमलीसारखं मऊ कापड निघे. कारखान्यात कुणाच्या घरी पाळणा हलणार असला की आमच्या चुकांना मागणी येई. माझ्या भाच्याची पहिली दोन झबली एका चुकलेल्या पंपाची आहेत.

दम्यावर तेव्हा एक गोळी मिळे. ती घेतली की छाती मोकळी होई आणि हात थरथरू लागत. म्हणजे श्वास हवा की रेघ हवी, हे रोज सकाळी मला ठरवावं लागे. बहुतेक दिवस मी दोन वाजेपर्यंत रेघ निवडली आणि परतताना जटक्यात गोळी घेतली. प्रती छापायच्या खोलीतून अमोनियाचा वास येई, तो छातीत सुईसारखा जाई. मूर्तींनी माझं टेबल लांबच्या खिडकीशी हलवलं. हेच काम करणाऱ्या बाकीच्या दोघी ट्रेसर कुरकुरल्या, उजेडाची जागा हिलाच का म्हणून. त्यांचं काही चुकत नव्हतं.

धंद्याचा नियम मूर्तींनी पहिल्याच दिवशी सांगितला होता: पेन्सिलीची चूक त्यांची, शाईची चूक आपली. ट्रेसरने खाली आहे ते वर आणायचं. बरोबर काय असायला हवं याचा विचार त्याने करायचा नाही. नियम चांगला होता. पण चार-पाच वर्षं रोज पंप उतरवून काढणाऱ्या माणसाला पंप कळायला लागतो, त्याला कोण काय करणार? मला दिसायला लागलं. एकदा एका नळीचा आतला व्यास बाहेरच्यापेक्षा मोठा लिहिलेला सापडला. एकदा बाण उलटे. दोन्ही वेळा मी मूर्तींना विचारलं, त्यांनी इंजिनियरला विचारलं, आणि चूक निघाली. त्यानंतर कठीण कागद माझ्याकडे यायला लागले, आणि मी थोडी चढले. थोडी कशाला, चांगलीच चढले.

करमरकर त्याच सुमारास पुण्याहून आले. सव्वीस-सत्तावीसचे, हुशार, कडक इस्त्रीचे, अजून कायम न झालेले. मी मराठी म्हणून त्यांना बरं वाटलं असावं, पण मी तोंड उघडलं आणि त्यांचा भ्रमनिरास झाला. “स्वल्प थांबा, शाई वाळू दे,” असं मी म्हटलं तर त्यांनी विचारलं, तुम्ही नक्की कोणती भाषा बोलता? मी म्हटलं, मराठीच, फक्त तीनशे वर्षं इथल्या पाण्यात भिजलेली आहे. त्यावर ते हसले, पण पुढेही माझे शब्द सुधारत राहिले. माझे शब्द ते सुधारत, त्यांचे कागद मी. अशी आमची एक न बोललेली स्पर्धा सुरू झाली होती. आज लिहिताना ते पोरकट वाटतं.

त्या वर्षी कारखान्यात नवा मॅनेजर आला. त्याला प्रत्येक माणूस पूर्ण दिवसाचा हवा होता. हजेरीपटात नाव नसलेली एक बाई रोज येते आणि दोनला जाते, हे त्याच्या नजरेला खुपलं. मूर्तींनी त्याला सांगितलं की तिचा एकही कागद कधी रेंगाळलेला नाही. मॅनेजर म्हणाला, बघू. मूर्तींच्या ‘बघू’त आणि त्याच्या ‘बघू’त फरक होता, तो मला लगेच कळला. आता एक कागद जरी अडकला तरी मी घरी बसणार होते, आणि दुसरं असं काम शोधायला मला कुठून सुरुवात करायची हेही माहीत नव्हतं.

आणि तेव्हाच तो कागद आला. पंपाच्या एका टोकाला बसणारं गोल झाकण, कडेने बोल्टांची सहा भोकं. गोलाला सहा भोकं म्हणजे दोन भोकांमध्ये साठ अंश, हे शाळेतलं मूलही सांगेल. करमरकरांनी एका ठिकाणी छप्पन लिहिलं होतं. कागद देऊन ते त्याच दुपारी पुण्याला गेले होते, स्वतःच्या लग्नासाठी. मी सहाही वर्तुळं आहेत तशी शाईने काढली, आणि आकडे घालताना तो छप्पन डोळ्यांत आला. कोनमापक लावून पाहिलं, तर भोकही छप्पनवरच होतं. लग्नाची घाई, मी मनात म्हटलं.

मूर्तींना विचारायला हवं होतं. मूर्ती त्या दिवशी फाउंड्रीत होते, संध्याकाळी येणार होते. माझा घसा सकाळपासून खवखवत होता. ती माझी खूण. रात्रीपर्यंत छाती भरणार आणि पुढचे आठ दिवस जाणार, हे मला ठाऊक होतं. थांबले तर कागद अर्धा राहणार, आणि मॅनेजरला हवं ते कारण मिळणार. मी गोळी घेतली नाही. ब्लेडने ते भोक आणि तो आकडा खरवडला, नखाने घोटला, भोक चार अंश सरकवून काढलं आणि साठ लिहिलं. खरं सांगायचं तर त्या वेळी मला भीतीपेक्षा मजाच जास्त वाटत होती. पुण्याच्या माणसाला आल्यावर सांगायचं वाक्यही मी जुळवून ठेवलं होतं. कागदाच्या कोपऱ्यात सहीचे तीन चौकोन असत: काढणार, उतरवणार, तपासणार. उतरवणाऱ्याच्या चौकोनात मी माझ्या नावाची अक्षरं घातली आणि घरी गेले.

नऊ दिवस अंथरुणात गेले. डॉक्टर दोनदा येऊन इंजेक्शन देऊन गेले. दहाव्या दिवशी गेले तेव्हा मूर्तींनीच बातमी सांगितली. चाळीस झाकणांना भोकं पाडून झाली आणि जुळणीच्या वेळी एकही झाकण पंपावर बसेना. पाच बोल्ट जात, सहावा जाईना. करमरकरांनी एक भोक मुद्दाम चार अंश हलवलं होतं. झाकणाला आतून तेलाची वाट होती, ती वरच्या बाजूलाच यायला हवी. सहा भोकं सारखी ठेवली तर कामगार झाकण कसंही फिरवून बसवणार. एक हललेलं असलं की ते एकाच रीतीने बसतं. पंपाच्या अंगावर छप्पन होतं आणि झाकणावर साठ. हे त्यांनी कागदावर लिहून का ठेवलं नाही, असं मी पुष्कळदा मनात म्हटलं आहे. लिहिलं नव्हतं खरं. पण छप्पन लिहिलं होतं.

करमरकर परतले होते आणि ‘मी छप्पनच लिहिलं होतं’ असं सांगत होते. पण दाखवणार काय? आमच्याकडे कागद महाग म्हणून ट्रेसिंग तपासून झालं की पेन्सिलीचा कागद पुसून पुन्हा वापरत. आता खरं ते ट्रेसिंग, आणि त्यावर साठ होते. ट्रेसर स्वतःच्या डोक्याने काही बदलतो, ही शंकाच कुणाला आली नाही. मॅनेजरने ठरवून टाकलं होतं की लग्नाच्या नादात चूक झाली. महिनाअखेर करमरकरांना नारळ मिळणार होता.

मी चार दिवस गप्प बसले. हे लिहायला हात आखडतो, पण चार दिवस. मी रोज गेले, रोज रेघा ओढल्या, आणि रोज समोरच्या टेबलावर तो माणूस जुन्या वह्यांत आपलं कच्चं गणित शोधताना पाहिला. माझ्यापाशी कारणं होती. त्याला दोन पाय आहेत, धड छाती आहे, पदवी आहे, त्याला कुठेही नोकरी मिळेल. मला मिळणार नाही. हे सगळं खरंच होतं, म्हणूनच त्याचा उपयोग होत नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी करमरकर माझ्यापाशी आले आणि त्यांनी विचारलं, “तुम्हाला आठवतंय का हो काही? तुम्ही उतरवलंत तेव्हा छप्पन होतं ना?” त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता तर मी कदाचित नाही म्हटलं असतं. ते साक्षीदार शोधत होते.

मी “होतं” म्हटलं आणि मॅनेजरच्या खोलीकडे चालू लागले. ती खोली वरच्या मजल्यावर होती, एकवीस पायऱ्या. वर पोचेपर्यंत मला बोलता येईना. त्याने बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मी सांगितलं, बदल मी केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत जे म्हणाला त्याचा अर्थ असा होता: तुम्ही दोघं महाराष्ट्रातले, एकमेकांना सांभाळणार हे मी समजू शकतो, पण तुम्ही आजारी आहात, घरी जा, यात पडू नका. मी महाराष्ट्र तोपर्यंत डोळ्यांनीही पाहिला नव्हता. पण ते बाजूला राहू द्या. मी लंगडी, धापा टाकणारी, अर्ध्या दिवसाची बाई. मी चाळीस झाकणं वाया घालवू शकते, हे त्याच्या डोक्यात शिरेना. आयुष्यात इतका अपमान मला कधी वाटला नाही. कॉफीच्या पेल्याच्या वेळीही नाही.

मी म्हटलं, ट्रेसिंग मागवा. ते आल्यावर मी त्याला खिडकीच्या काचेवर कापड धरायला सांगितलं. उजेडात दोन जागा पांढुरक्या दिसल्या, एक आकड्याची आणि एक भोकाची. आणि भोकाच्या जागी, साठ अंशांवरच्या काळ्या वर्तुळाशेजारी, खरवडलेल्या वर्तुळाची कड स्पष्ट दिसत होती. ब्लेड माझं, नख माझं. मॅनेजरने तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, “मग हे कोणी तपासलं?”

तिथे मूर्तींची सही होती. देवाशपथ सांगते, मला तोपर्यंत ती सुचलीच नव्हती. चार दिवस मी माझा आणि करमरकरांचा विचार करत होते, तिसरा चौकोन माझ्या हिशेबातच नव्हता.

करमरकर राहिले. मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मूर्तींना वयोमानाने निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते आणि त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळायची जवळजवळ ठरली होती. ती मिळाली नाही. करमरकर मला फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांनी आभार मानले नाहीत आणि मीही क्षमा मागितली नाही. जटका आल्यावर ते एवढंच म्हणाले, “नुसतं विचारायचं होतंत. तुम्ही तार केली असती तरी मी उत्तर दिलं असतं, मांडवातून.”

घरी अण्णा म्हणाले, बरं झालं, सुटलीस, आता स्वल्प विश्रांती घे, तुला इथे काय कमी आहे? वैनींनी त्या रात्री न मागता दुसऱ्यांदा भाजी वाढली. मी तीन महिने काही केलं नाही. रांगोळीसुद्धा काढली नाही.

मग एका रविवारी मूर्ती आले, पहिल्या वेळेसारखेच न कळवता. हातात पत्र्याची लांब नळी होती, नकाशे ठेवायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी यशवंतपूरच्या लहान लहान वर्कशॉपांची कामं घ्यायला सुरुवात केली होती. त्या वर्कशॉपांना ट्रेसर पदरी ठेवणं परवडत नसे. मी काही बोलायच्या आत त्यांनी नळीतून एक कागद काढून टेबलावर पसरला. मी म्हटलं, सर, तुमची मुदतवाढ माझ्यामुळे गेली. ते खुर्चीवर बसले आणि कन्नडमध्ये, नेहमीच्याच आवाजात बोलले.

“इंदम्मा, इतर दोघींचे कागद मी पट्टी घेऊन तपासत असे. त्या संध्याकाळी तुझा कागद हातात घेतला आणि मनात आलं, बिचारी धापा टाकत घरी गेली, एवढी आजारी असून कागद पुरा करून गेली, हिच्या कागदात काय बघायचं. आणि सही केली. तुझी चूक चार अंशांची. माझी त्याहून मोठी. मी तुला कामाच्या माणसांतून काढून टाकलं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सवयीने मी कागदापासून तोंड डावीकडे वळवलं.

तो कागद मी आठवडाभरात उतरवला, मधले दोन दिवस छातीने खाल्ले. मूर्ती घ्यायला आले. मी आत जाऊन कॉफी घेऊन आले, तरी त्यांनी कागद गुंडाळला नव्हता. खिशातून पट्टी, कोनमापक आणि भिंग काढून ते टेबलाशी बसले होते. आधी विचारलं, काही बदललंस का? मी नाही म्हटलं. मग त्यांनी प्रत्येक माप मोजलं, प्रत्येक भोक मोजलं, कापड खिडकीवर धरून पाहिलं. सव्वा तास लागला, कॉफी निवून गेली. शेवटी त्यांनी उजव्या कोपऱ्यातल्या एका रेघेवर बोट ठेवलं. ती शेजारच्या रेघेपेक्षा केसभर जाड होती. मला भिंगातूनही नीट दिसली नाही.

“पुन्हा कर,” ते म्हणाले.

वैनी दारातून म्हणाल्या, अहो, तिची तब्येत बरी नाही. मूर्तींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी नवं कापड पसरलं आणि त्यावर भुकटी चोळायला घेतली.